पेपर कोनाचा हाय?

आमच्या विदर्भातल्या कारंज्यात बातमी सांगणाऱ्याला ती कधी पूर्ण सांगता येत नाही. "सरकार पडतंय म्हणे," एवढं बोलून तो श्वास घेतो न घेतो, तोच समोरचा विचारतो, "कोनत्या पेपरात हाय?" सरकार का पडतंय, कोण पाडतंय, पडलं तर कोणाच्या अंगावर पडेल, हे प्रश्न नंतरचे. पेपरचं नाव कळलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. अमक्या पेपरात असेल तर सरकार भक्कम समजायचं. तमक्यात असेल तर चार दिवस दम धरायचा. आणि दोन्हींत असेल तर सरकार पडून आठवडा झालेला असणार, आपल्यापर्यंत एसटी तेवढी उशिरा आली.

माध्यमं पक्षपाती झाली आहेत का, या विषयावर मुंबई-दिल्लीकडे परिसंवाद होतात. आमच्याकडे होत नाहीत, कारण यात वाद कशाचा हेच कोणाला कळत नाही. बिनमालकीचं या जगात काही नसतं, मग पेपर तरी कसा असेल, असं इथलं साधं म्हणणं आहे. त्यामुळे पेपर पक्षपाती निघाला म्हणून कारंजेकराला धक्का बसत नाही. धक्का बसतो तो पेपरने अचानक बाजू बदलली तर. रोज सकाळी ज्याच्यावर चिडायचं तोच आपल्यासारखं बोलायला लागला, की माणसाचा चहा बेचव होतो.

बातमीच्या बाबतीत हे गाव नवखं नाही. १६७० च्या डिसेंबरात मराठ्यांच्या फौजेने हे संपन्न व्यापारी शहर लुटलं, तेव्हापासून आम्ही बातमीत आहोत. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहून ठेवलंय की कोटभर रुपयांचं उंची कापड, सोनं, चांदी चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेली. आता हे चार हजार कोणी मोजले? ज्याचं गेलं तो आकडा वाढवून सांगणार, ज्याने नेलं तो कमी करून सांगणार, आणि बैल आणि गाढवं वेगवेगळी मोजायला त्या गडबडीत कोणाला सवड असेल असं वाटत नाही. फौजेबरोबर स्वतः शिवाजी महाराज होते की सेनापती प्रतापराव गुजर, यावरही एकमत नाही. जदुनाथ सरकार प्रतापरावांचं नाव घेतात. गावात विचाराल तर महाराज स्वतः आले होते. आपलं गाव लुटलं गेलं हे छाती फुगवून सांगणारी गावं भारतात फार नसतील. आमचं त्यांतलं एक आहे, आणि महाराजांच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवून ती छाती खाली करायची आमची तयारी नाही.

पण त्या हकीकतीतला मला सर्वांत आवडणारा माणूस निराळाच आहे. गावातले झाडून सगळे धनिक खंडणीसाठी पकडले गेले. निसटला फक्त एक, सर्वांत बडा, आणि तो बाईच्या वेशात निसटला. बायकांच्या अंगाला हात लावायचा नाही, ही महाराजांच्या फौजेची शिस्त होती. म्हणजे बघा, बाकीचे सावकार शत्रूबद्दल आपल्या बाजूचं जे काही ऐकत आले होते त्यावर विसंबून घरात बसले असतील. या एकट्याने विरोधी गोटाच्या बातमीवर विश्वास ठेवला, लुगडं नेसलं आणि सुटला. माध्यमांच्या इतिहासात वाचकाला बातमीचा इतका रोख उपयोग क्वचितच झाला असेल.

त्याच गावात आज बातमीचं मुख्य केंद्र म्हणजे कटिंगचं दुकान. दुकानदार दोन पेपर घेतो, एक इकडचा, एक तिकडचा. गळ्यावर वस्तरा फिरवायचा असताना गिऱ्हाइकाच्या राजकीय भावना दुखावून चालत नाही. भिंतीवर टीव्ही आहे, त्याचा आवाज बंद असतो. चर्चेचा कार्यक्रम आवाज बंद करून पाहिला तर बराचसा समजतो, असं दुकानदाराचं मत आहे. तोंड जास्त उघडतो तो प्रवक्ता, हात जास्त हलवतो तो निवेदक, आणि जो कोपऱ्यातल्या चौकटीत नुसता बसून असतो तो तज्ज्ञ. याच गावात चौदाव्या शतकात नृसिंह सरस्वतींचा जन्म झाला, आणि मुंजीपर्यंत त्यांनी ॐकाराशिवाय एक शब्द तोंडातून काढला नाही अशी कथा आहे. मुंज लागली आणि थेट वेद म्हटले. गावातल्या त्यांच्या गुरुमंदिरात देशभरातून भाविक येतात. वाहिन्यांचे निवेदक कोणी आलेले ऐकिवात नाहीत.

दुकानातल्या बाकड्यावर एक निवृत्त गुरुजी बसतात. केस फारसे उरलेले नाहीत, तरी ते रोज येतात, कारण दोन्ही पेपर तिथे फुकट मिळतात. पेपर वाचायची त्यांची एक पद्धत आहे. ते आधी क्रियापद पाहतात. मराठी पेपरात नेता नुसता बोलत नाही. आपला असला तर तो सुनावतो, ठणकावतो, घणाघात करतो. दुसऱ्याचा असला तर तो बरळतो, आगपाखड करतो, किंवा त्याची जीभ घसरते. वाक्य दोघांचंही बहुधा एकच असतं. त्यामुळे पेपरचं नाव झाकून ठेवलं तरी गुरुजी पहिल्या पानावरची चार क्रियापदं ऐकून तो कोणाचा ते सांगतात. आणि त्यांचा नियम असा: दोन वैरी पेपर ज्या दिवशी एकच गोष्ट सांगतील, ती गोष्ट खरी.

हा नियम पुष्कळ वर्षं चालला. मग २३ नोव्हेंबर २०१९ उजाडला.

विधानसभेचे निकाल लागून महिना होत आला होता आणि राज्याला सरकार नव्हतं. २२ तारखेच्या रात्री मुंबईत शरद पवारांनी सांगितलं की मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झालंय. इकडच्या, तिकडच्या, मधल्या सगळ्या पेपरांनी ते छापलं. गाड्या अकोल्याहून निघाल्या, पहाटेच्या गारठ्यात कारंज्याला पोचल्या, गठ्ठे सुटले, पोरं सायकलींवरून पेपर टाकू लागली. पण तिकडे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली होती आणि आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेत होते.

दुकानात त्या सकाळी खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर पेपर होता, त्यात ठाकरे मुख्यमंत्री होत होते. समोर टीव्ही होता, त्यात फडणवीस झालेले होते. गिऱ्हाईक वर पाही, खाली पाही, पुन्हा वर पाही.

"काका, मान तं स्थिर ठेवा," कटिंगवाला म्हणाला. "सरकार तं कोनी ठेवून नाई रायलं."

बाकड्यावरून कोणी तरी म्हणालं की टीव्हीवाल्यांनी जुनं चित्रण लावलं असेल, २०१४ चं. दुसरा म्हणाला, नाही, बाजूला दादा दिसून रायले. तिसऱ्याला ती अफवा वाटली. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. वैरी पेपर एकमताने एकच सांगत होते, म्हणजे नियमानुसार ते खरं होतं, आणि डोळ्यांसमोर ते खोटं ठरत होतं.

गुरुजींनी चष्मा पुसला. "पेपर खोटा नाई," ते म्हणाले. "पेपर घाईचा हाय. ठेवून द्या."

त्यांनी खरंच तो पेपर घडी करून घरी नेला. २६ तारखेला फडणवीसांनी राजीनामा दिला. २८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला. २९ च्या सकाळी गुरुजी घडी उलगडत दुकानात आले आणि त्यांनी ती आरशाखाली टेकवून ठेवली. त्या आठवड्यात खोटी ठरलेली बातमी पाच दिवसांत खरी झाली होती आणि डोळ्यांनी पाहिलेली खरी बातमी तीन दिवसांत निकाली निघाली होती. 'खऱ्या-खोट्याला मुदत असते का?' असा प्रश्न तेव्हा एका कॉलेजच्या पोराने विचारला. त्याला कोणी उत्तर दिलं नाही, पण त्याची दाढी त्या दिवशी आधी करून दिली.

नियमाचं खरं दिवाळं मात्र आधीच वाजलं होतं, गुरुजींना ते उशिरा कळलं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कर्तृत्वावर मराठी दैनिकांत पानंच्या पानं आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती कात्रणं शेजारी ठेवून पाहिली, तर एकमेकांच्या कट्टर स्पर्धक दैनिकांत, निरनिराळ्या वार्ताहरांच्या नावाने, एकच मजकूर शब्दशः छापलेला होता. अनुस्वारासकट. गुरुजींच्या नियमाने पाहिलं तर महाराष्ट्राच्या इतिहासात इतकं निखळ सत्य पूर्वी कधी छापलं गेलं नव्हतं! चव्हाणांनी निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपुढे ५,३७९ रुपये लिहिले होते. पैसे देऊन बातमी छापून घेतल्याचा आरोप त्यांनी फेटाळला. निवडणूक आयोगाची नोटीस २०१४ मध्ये आली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्दही केली. तेव्हा ते सगळं प्रेमापोटी लिहिलं गेलं असं समजायला हरकत नाही. स्पर्धकांच्या मनात एकाच वेळी, एकाच माणसाविषयी, एकाच शब्दांत प्रेम उत्पन्न झालं. चव्हाण २०२४ च्या फेब्रुवारीत भाजपमध्ये गेले. त्या वेळी कोणत्या पेपराला कोणती क्रियापदं बदलावी लागली, ते गुरुजींच्या वहीत आहे.

याच प्रकारावर प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांकडून अहवाल करून घेतला. तो ७१ पानांचा झाला. त्यात वृत्तपत्रांची नावं होती, म्हणून कौन्सिलने २०१० मध्ये तो पूर्ण प्रसिद्ध न करता आटोपशीर करून प्रसिद्ध केला. अख्खा अहवाल बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. बातम्या विकल्या जातात याचा अहवाल दाबला गेला, आणि ती बातमी मोठी व्हायला हवी होती, पण ती छापायची कोणी?

गुरुजींनी नियम बदलला. हल्ली ते मजकूर नंतर वाचतात, आधी पान पाहतात. याला कारण सोयाबीन.

कारंजा बाजार समितीत हंगामात सोयाबीनचे ढीग पडतात, त्यामुळे सोयाबीनच्या भावाची बातमी इथे कोणाला बनवता येत नाही. २०२४-२५ साठी केंद्राने हमीभाव ४,८९२ रुपये केला, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा २९२ रुपयांनी जास्त. एका पेपरात मथळा होता की सोयाबीनच्या हमीभावात घसघशीत वाढ. यात एक अक्षर खोटं नाही. दुसऱ्या पेपरात मथळा होता की सोयाबीन हमीभावाच्या खाली, शेतकरी हवालदिल. यातही एक अक्षर खोटं नाही; बाजारात भाव चार हजारांच्या आगेमागे होता. फरक इतकाच की पहिल्या पेपरात पहिल्या पानावर होतं ते दुसऱ्यात नवव्यावर, आणि दुसऱ्यात पहिल्यावर होतं ते पहिल्यात 'संक्षिप्त' या सदरात, हरवलेल्या मोटारसायकलीच्या शेजारी. खोटं छापायची आजकाल कोणाला गरज पडत नाही. कोणतं खरं कुठे ठेवायचं एवढं कळलं की भागतं.

पुढे विधानसभेची निवडणूक आली. एका बाजूने सोयाबीनला ६,००० देऊ म्हटलं, दुसऱ्या बाजूने ७,०००. आठ-पंधरा दिवस पेपरांत सोयाबीन रोज चढत होतं. अडतदुकानासमोर एक जण तिकडचा पेपर नाचवत म्हणाला, "सात हजार झालं गा!" अडत्या म्हणाला, "आण मंग त्या पेपरावर वजन करून."

सरकारी खरेदीला सोयाबीन नेलं की आधी यंत्राने ओलावा मोजतात. तेव्हा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत, असा नियम होता. निवडणुकीच्या तोंडावर तो १५ टक्क्यांपर्यंत सैल झाला. असं यंत्र राजकीय बातमीसाठी कोणी काढलं तर आमच्याकडे घरोघरी खपेल. पेपर उघडायचा, मूठभर मजकूर त्यात टाकायचा आणि काटा पाहायचा. शेतकऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की ओल्या दाण्यातही दाणा असतोच. तो खोटा नसतो. त्याच्यात पाणी किती आहे ते आधी कळलं पाहिजे, एवढंच. पाण्याचे पैसे द्यायचे की नाही हे मग ठरवता येतं. निवडणूक आली की बातमीच्या ओलाव्याची मर्यादाही सैल होते, हे मात्र सांगायला यंत्र लागत नाही.

ओलावा बाजूला ठेवू. काही बातम्या कोरड्या ठणठणीत असून जन्मभर चुकीच्या राहतात. आमची शकुंतला.

मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ही छोट्या रुळांची गाडी कारंज्यावरून जायची. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे आणि तिथून मँचेस्टरकडे न्यायला इंग्रजांच्या काळात ती घातली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरलं. वेग असा की मध्येच उतरून, शेतातल्या ओळखीच्या माणसाशी बोलून, पुन्हा पुढच्या डब्यात बसता येई, असं म्हणतात. ते काही छापलेलं नाही, त्यामुळे त्यावर माझा विश्वास आहे.

छापून येतं ते वेगळं. भारतातली ही एकमेव रेल्वे अजून ब्रिटिशांच्या मालकीची आहे आणि स्वतंत्र भारत सरकार दर वर्षी इंग्लंडला त्याची रॉयल्टी भरतं, ही बातमी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास कुठल्या ना कुठल्या पेपरात, वाहिनीवर किंवा मोबाइलवर हमखास उगवते. रक्कम कुठे एक कोटी असते, कुठे एक कोटी वीस लाख. वाचून देशभरातल्या लोकांचं रक्त उसळतं. पण ज्या किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली ही रेल्वे होती ती स्वातंत्र्यानंतर भारतीय उद्योजकांच्या हातात आली. म्हणजे पैसे दिले गेले असतील तर ते मुंबईतल्या माणसांना. पण 'रेल्वेचे पैसे मुंबईला जातात' ही काही बातमी होत नाही. विदर्भातून पैसे मुंबईला जातात, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

गंमत म्हणजे गावातही कोणाला ही बातमी खोटी ठरवायची घाई नाही. शकुंतलेवर देशाच्या पेपरात एरवी काही येत नाही. इंग्रजांच्या निमित्ताने तेवढं नाव येतं. गाडी काही वर्षांपासून बंद आहे. रुळांवर झुडपं वाढलीत. २०१६ मध्ये रुंद रुळांसाठी १,५०० कोटींची बातमी आली. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला 'शकुंतला पुन्हा धावणार' हा मथळा येतो, आणि यात दोन्ही बाजूंच्या पेपरांचं एकमत आहे. रुळांवर ती एकदाही वेळेवर आली नाही. पेपरात मात्र ती कधीच चुकत नाही.

पूर्वीचे संपादक पक्षपाती नव्हते अशी एक समजूत बाकड्यावर अधूनमधून डोकं वर काढते. गुरुजी ती लगेच खाली बसवतात. गोपाळ गणेश आगरकर इथून जवळ, अकोल्याला शिकले. टिळकांबरोबर 'केसरी' चालवला, मतं जुळेनात तेव्हा १८८७ मध्ये तो सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर 'केसरी' एक सांगे, 'सुधारक' नेमकं उलट. दोघंही टोकाचे एकांगी. पण 'केसरी' हातात घेणाऱ्याला तो कोणाचा आहे हे विचारावं लागत नव्हतं, आणि 'सुधारक'ला आपण तटस्थ आहोत असा आव आणायची गरज नव्हती. 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' असं आगरकरांनी लिहिल्याचं मला तरी आठवत नाही. जे समजायचं ते त्यांना स्वतःलाच समजे. सूत्रं नंतर आली. आता तर ती इतकी झालीत की एकाच बैठकीला नेते चार आणि सूत्रं चाळीस असतात.

या सगळ्यात वाचकाला एकच आधार होता: कोण कुठे आहे ते पक्कं माहीत असणं. २०२४ ने तोही काढून घेतला. कारंजा मतदारसंघात २००९ ला राष्ट्रवादीचे प्रकाश डहाके निवडून आले होते, २०१४ आणि २०१९ ला भाजपचे राजेंद्र पाटणी. डहाके म्हणजे घड्याळ, पाटणी म्हणजे कमळ, हे मतदाराला तोंडपाठ. दोघंही आज हयात नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरात डहाकेंच्या पत्नी सई डहाके भाजपकडून उभ्या राहिल्या आणि पाटणींचे चिरंजीव ज्ञायक पाटणी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. निवडून आल्या सई डहाके. प्रत्येकाचा राजकीय निर्णय प्रत्येकाचा. माझा प्रश्न वाचकाचा आहे. डहाकेंवर टीका करतो म्हणून ज्याने दहा वर्षं एका पेपराचा राग केला, त्या पेपरात एका सकाळी डहाकेंच्या सभेला अलोट गर्दी झालेली. कोणाचा राग करायचा? पेपरचा की आपल्या दहा वर्षांचा? बाकड्यावरच्या एकाने त्या महिन्यात दोन्ही पेपर बंद केले आणि राशिभविष्यापुरतं एक साप्ताहिक लावलं. त्यात निदान मेष राशी अजून मेषच आहे.

आणि वार्ताहर? त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ वळत नाही. मोठ्या शहरातले विद्वान 'माध्यमं' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे काचेची इमारत असते. तालुक्याच्या गावी 'माध्यम' म्हणजे एक माणूस आणि एक मोटारसायकल. सकाळी तो पेपरची एजन्सी सांभाळतो, दुपारी बातमी लिहितो, संध्याकाळी जाहिरात गोळा करतो, आणि मानधनापेक्षा जाहिरातीचं कमिशन जास्त असतं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि नेत्यांचे वाढदिवस हे त्याचे हंगाम. ज्या नगरसेवकाच्या वॉर्डातल्या तुंबलेल्या नालीची बातमी द्यायची, त्याच नगरसेवकाकडून वाढदिवसाची पाव पान जाहिरात आणायची. तो बिचारा नालीची बातमी देतो, नाही असं नाही, पण ती 'नागरिकांतून संताप' इथपर्यंत येऊन थांबते. संताप कोणावर, ते नागरिकांनी आपलं आपण ओळखायचं. अलीकडे पोर्टलवाले आलेत. त्यांच्याकडे मोटारसायकल असते, माईक असतो, माईकवर चौकोनी ठोकळा असतो, आणि ठोकळ्यावर जिल्ह्यापासून महाराष्ट्रापर्यंत सगळं मावलेलं असतं. वार्ताहर त्यांच्यावर फार खवळून असतो. ते बातमी विकतात, असं त्याचं म्हणणं. "आपण तं जाहिरात घेतो. पावती देतो."

परवा टपरीवर त्याच्याजवळ एक तरुण पुढारी येऊन बसला. येत्या निवडणुकीत उभं राहायचं चाललंय त्याचं. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल, मागे चार पोरं. त्याने आधी चहा सांगितला, मग वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात पक्की केली, फोटो कोणाचा वर आणि कोणाचा खाली ते समजावलं, आणि मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला,

"भाऊ, आपली एक निःपक्ष बातमी लावाची हाय. तिचे किती घेता?"

वार्ताहराने बशीत चहा ओतला. बराच विचार केला.

"तिचा रेट मले मायीत नाई बा," तो म्हणाला. "आजवर कोनी मागतलीच नाई. अकोल्याले इचारून सांगतो."